सातव्या मागाची सुवाच्य प्रत

दाजींनी हेडफोन चढवला तो टोपीवरूनच. टोपी काढा असं सांगायची प्राज्ञा घरात कुणाचीच नव्हती. त्यामुळे हेडफोनची पट्टी टोपीवर आणि टोपी भुवयांवर आली. डोळे मिटून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून दाजी सहा मिनिटं बसले. सत्यनारायणाच्या कथेलाही ते इतका वेळ न हलता बसत नाहीत.

समोर त्यांची मुलगी चैत्राली नखं कुरतडत उभी होती. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, पिठाच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मी पेपर उलटा धरून वाचत होतो.

सहा मिनिटांनी दाजींनी हेडफोन उतरवला.

"कसं वाटलं बाबा?"

"सात नंबरचा माग हाय," दाजी म्हणाले. "डाव्या अंगाचा पिकर झिजलाय. दर चौथ्या ठोक्याला मागं राहतोय."

आणि चपला घालून कारखान्यात निघून गेले.

चाळीस वर्षं मी कोल्हापूरच्या एका दैनिकात विनोदी सदर लिहिलं. इतकं नेमकं परीक्षण माझ्या वाट्याला एकदाही आलं नाही. चैतूला मात्र ते परीक्षण वाटलं नाही. "बघितलंस मामा?" ती म्हणाली. "सहा मिनिटं ऐकून त्यांना पिकर दिसला."

पिकर म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला टोला मारणारा चामड्याचा तुकडा. धोटा या टोकाकडून त्या टोकाला पळतो तो पिकरच्या टोल्यानं, आणि मागाचा खटाक् खटाक् आवाज येतो तोही मुख्यतः त्याचाच. दाजींचे, म्हणजे इचलकरंजीच्या विरूपाक्ष कबाड्यांचे असे चोवीस माग होते आणि चैतू ही एकच मुलगी. इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली, दोन वर्षांनी नोकरी सोडून घरी आली आणि माडीवरच्या खोलीत कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनिक संगीत करू लागली. त्यात गायक नाही, शब्द नाहीत, पेटी नाही, तबला नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे माग थांबवून तिनं सात नंबरचा आवाज फोनवर घेतला होता. मग त्याला ताणलं, कापलं, दुमडलं आणि खाली एक असा जाड घुमणारा आवाज सोडला की माडीवरच्या खिडक्या थरथरायच्या. पहिल्या मिनिटाला मला वाटलं यंत्र बिघडलं. तिसऱ्या मिनिटाला माझा पाय हलायला लागला. पाय माझाच होता, पण मला विचारून हलला नव्हता.

ही दोन हजार सोळाची गोष्ट. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि अक्काकडे महिनाभर राहायला आलो होतो. निवृत्त माणसाला सल्ला द्यायला जागा लागते. मला चैतू मिळाली.

तिला तो तुकडा परदेशातल्या लेबलांना पाठवायचा होता.

"लेबल?" दाजींनी जेवताना विचारलं होतं. "कापडाच्या ताग्याला लावतो ते?"

"न्हाई ओ बाबा. रेकॉर्ड काढणारी कंपनी. त्यांनी घेतलं तर जगातनं लोक ऐकतात."

"आन् न्हाई घेतलं तर?"

चैतूनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तिथंच विसरली. "तर मग पुणं."

पुण्याची जुनी कंपनी तिला परत घ्यायला तयार होती. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं. दाजींचं म्हणणं एवढंच होतं, की दसऱ्यापर्यंत कुणी घेतलं तर तू तुझ्या मनाची राणी. नाहीतर माडी रिकामी करायची आणि पुण्याला जायचं. सुताचे गठ्ठे ठेवायला त्यांना माडी हवीच होती.

लेबलांना पत्रं कशी लिहायची हे मला विचारा, असं मी तिला सांगितलं. संपादकांना पत्रं लिहिण्यात माझी हयात गेली होती आणि 'साभार परत'चे कागद माझ्याकडे इतके होते की त्यांच्यामागं मी नवीन लेख लिहीत असे. मी इंग्रजीत दीड पानी पत्र रचलं. सुरुवातीला क्षेमकुशल, मग इचलकरंजीचा इतिहास, संस्थानकाळापासून. मग कबाडे घराणं, मग चैतूचे दहावीचे गुण, आणि शेवटी 'आपल्या दर्जेदार लेबलाच्या परंपरेत हे बसेल असा विश्वास वाटतो' हे वाक्य. हे वाक्य मी दिवाळी अंकांसाठी तेहेतीस वर्षं वापरलं होतं. सोबत तिचे नऊच्या नऊ तुकडे जोडायला लावले. कुठला तरी आवडेल.

अकरा लेबलांना पाठवलं. अकरांनी मिळून एक ओळही लिहिली नाही. 'साभार परत'सुद्धा नाही. मला त्यांच्या संस्कारांचीच शंका आली.

"मामा," चैतू एके दिवशी हळूच म्हणाली, "रागावणार न्हाईस न्हवं? मी एक पत्र माझ्या मनानं लिहितो."

आमच्याकडच्या मुली 'मी लिहितो, मी जातो' असंच बोलतात. पुण्यात तिला त्यावरून हसायचे.

"लिही की."

"त्यांना दिवसाला दोनशे पत्रं येतात. ती वाचत न्हाईत. दुवा उघडतात, अर्धं मिनिट ऐकतात. आवडलं तर पुढं, न्हाईतर खलास. आन् तू सगळ्यांना एकच पत्र पाठिवलास. त्यातली चार लेबलं तर नुसती नाचायच्या गाण्यांची होती."

तिनं रॉटरडॅममधल्या एका छोट्या लेबलाच्या सगळ्या रेकॉर्ड आठवडाभर ऐकल्या. ते चालवणाऱ्या माणसाचं नाव शोधलं, हेंड्रिक. मग चार ओळी लिहिल्या: तुमची अमुक रेकॉर्ड मी रोज ऐकते, मी कापडाच्या गावात राहते, हा आमच्या कारखान्यातला एक माग आहे, हा तुकडा आता फक्त तुम्हालाच पाठवते आहे. खाली एकच दुवा.

"सहीच्या वर 'आपली नम्र' तरी घाल," मी म्हणालो.

"नगं मामा."

पाचव्या दिवशी उत्तर आलं. चैतू जिन्यावरून अशी खाली आली की अक्काला वाटलं पडली. हेंड्रिकनं लिहिलं होतं की तो हे ऐकून थांबलाच. दर चौथ्या ठोक्याला यंत्र जे अडखळतं, ते कॉम्प्युटरवर केलं असतं तर कळलं असतं. हे खरं आहे. त्याला रेकॉर्ड काढायची होती. पण फोनवरचा आवाज तबकडीवर टिकणार नाही. त्याच मागाचा आवाज चांगल्या मायक्रोफोननं पुन्हा घेऊन पाठव. तबकड्या छापणाऱ्या कारखान्यातली तारीख ठरलेली आहे, दहा दिवसांत हवं. नाहीतर पुढचं वर्ष.

दहावा दिवस म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस होता.

"बाबा, त्यांना हवाय!" चैतू ओरडली.

"कोण?"

"सात नंबर!"

दाजींनी मान हलवली. "बरं हाय," म्हणाले आणि हात धुवायला उठले. चोवीस मागांतल्या एकाची निवड झाली म्हणून बाकीच्यांना वाईट वाटू नये, असा काहीसा त्यांचा चेहरा होता.

तिसऱ्या दिवशी चैतू मायक्रोफोन आणायला कोल्हापूरला मित्राकडे गेली. दाजी त्याच दिवशी सोलापूरला एकाच्या एकसष्टीला गेले. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी येणार होते. कारखान्याच्या आसपास मालक म्हणावा असा मीच उरलो. इथून पुढचं मी गेल्या दिवाळीपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

लेखकाच्या जातीला एक खोड असते. संपादकाकडं मजकूर पाठवायचा तर सुवाच्य प्रत करायची. खाडाखोड नको, डाग नको, कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून. मी विचार केला, हॉलंडचा माणूस आपला माग ऐकणार, तोही चांगल्या मायक्रोफोननं. घरात पाहुणा यायचा तर आपण ओसरी झाडतो. शिवाय खंडेनवमी तोंडावर आली होती. माग पुसून, तेल देऊन पूजेला तयार ठेवायचेच असतात. मी कारखान्यात गेलो आणि दस्तगीरला हाक मारली.

दस्तगीर मुजावर हा दाजींचा जॉबर, म्हणजे मागांचा डॉक्टर. तीस वर्षं तो त्या चोवीस यंत्रांच्या पोटात हात घालत होता.

"दस्तगीरभाई, सात नंबर एकदम चकाचक करा. तेलपाणी, पट्टे, आणि तो पिकर झिजलाय म्हणे, तो पण बदला."

दस्तगीरनं हात पुसले. "मामा, सातचं मालक म्हणालेत की..."

"मालकांना मी सांगतो," मी म्हणालो. दुसऱ्याचं वाक्य तोडणं हा माझा चाळीस वर्षांचा धंदा होता. "मालक सोलापुरात जिलेबी खातायत. तुम्ही करा."

मालकिणीच्या भावापुढं जॉबर काय बोलणार? त्यानं काम केलं आणि उत्तम केलं. संध्याकाळी सात नंबर नव्या नवरदेवासारखा चमकत होता. मी त्याच्याकडं बघून, खरं सांगतो, गहिवरलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे माग थांबले. चैतूनं मायक्रोफोन उभा केला, तारा जोडल्या, हेडफोन चढवला. दाजी सोलापूरहून परत येऊन दारात उभे होते, मी त्यांच्यामागं. चैतूनं बोट वर केलं आणि दस्तगीरनं सात नंबर सुरू केला.

खटाक्, खटाक्, खटाक्, खटाक्. सरळ, शहाणा, नाकासमोर चालणारा. दर चौथ्या ठोक्याला काहीही होत नव्हतं.

चैतूनं मिनिटभर वाट पाहिली. मग हेडफोन काढला.

"चाचा, याला काय केलासा?"

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. तोपर्यंत मला समजलं होतं. यंत्राचं मला काही कळत नाही, पण मुलीचा चेहरा वाचता येतो. मी तोंड उघडलं.

"पिकर मी बदलाया सांगितला," दाजी म्हणाले.

"तुम्ही?"

"व्हय. सोलापूरला जायच्या आधी. खंडेनवमी आली. माग नीट नगं?"

चैतूनं तार कोपरावर गुंडाळली, एकेक वेटोळं नीट, आणि मायक्रोफोन उचलून घरी गेली.

"लाव रं बाकीचं," दाजी दस्तगीरला म्हणाले.

मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "दाजी, मी तिला खरं सांगतो. माझी चूक..."

"पाव्हणं, बापावर रुसलेली पोरगी जेवायला घरातच येती. मामावर रुसली तर मामा एस्टीनं जातोय." त्यांनी टोपी नीट केली. "चा घेणार?"

चहा मी घेतला, पण दस्तगीरबरोबर, समोरच्या टपरीवर. त्यानं बशीत फुंकर मारली.

"मामा, त्या दिवशी तुमी बोलूच दिला न्हाईसा."

"काय बोलणार होतात?"

"मालकांनी चार म्हैने सातला हात लावू दिला न्हवता. कापडात दर थोड्या अंतरावर डाग पडायचा, यापारी बोंबलायचा, कामगार कुरकुरायचा. मी रोज म्हणायचो, मालक, पाच मिंटाचं काम हाय. मालक म्हणायचे, ऱ्हाऊ दे दस्तगीर. पोरगी ऐकतीया."

मंत्र्यासंत्र्यांच्या मनातलं मी चाळीस वर्षं दर शुक्रवारी छापत आलो. बहिणीच्या नवऱ्याच्या मनातलं मला तीस पावलांवरून दिसलं नाही.

जुना पिकर भंगारात गेला होता आणि भंगार गाडीतून गावाबाहेर. दुसऱ्या मागांचे झिजलेले पिकर सातला लावून बघितले. दस्तगीरनं नव्या पिकरला कानस मारली. दाजी डोळे मिटून बाजूला उभे राहायचे.

"न्हाई. ह्यो कमरेतनं लंगडतोय. त्यो गुडघ्यातनं लंगडायचा."

पट्टा सैल केला.

"ह्यो दारू प्यालाय."

आणखी काय काय केलं.

"ह्यो लंगडायचं नाटक करतोय."

आयुष्यभर माग सरळ चालावेत म्हणून धडपडलेली दोन माणसं एक माग बिघडावा म्हणून घाम गाळत होती आणि तो बेटा बिघडत नव्हता. चैतू रोज दुपारी यायची, मायक्रोफोन लावायची, ऐकायची, मान हलवायची आणि वडिलांशी एक शब्द न बोलता परत जायची. घरात ताटं वाढली जायची, मीठ मागितलं जायचं ते अक्कामार्फत. चार दिवस असे गेले. अक्कानं तिची पुण्याची बॅग माळ्यावरून काढून ठेवली होती. कुणी बघत नसताना अक्काच ती पुन्हा वर ठेवायची आणि पुन्हा काढायची.

नवव्या दिवशी दाजी कारखान्यात आले ते अक्काची कपडे धुवायची मोगरी घेऊन. तिच्या तोंडाला त्यांनी जुन्या पट्ट्याचं चामडं गुंडाळलं होतं.

"दस्तगीर, सगळं बंद कर. सात चालू दे, सरळ चालतोय तसाच."

"मालक, दीड वाजलाय, सुट्टी संपली. कामगार..."

"चा पाजून आण सगळ्यांस्नी."

चोवीसांतले तेवीस माग भर कामाच्या वेळी थांबले. इतकी शांतता त्या छपरानं कधी ऐकली नसेल. दाजी सात नंबरच्या डाव्या अंगाला उभे राहिले. चैतू मायक्रोफोनमागं. माग सुरू झाला. दाजींनी डोळे मिटले, चार-सहा फेरे नुसते ऐकले आणि मग मागाच्या लाकडी चौकटीवर मोगरी मारली.

चौथ्या ठोक्याच्या अगदी किंचित मागं.

चैतूचं डोकं झटकन वर झालं.

पुन्हा मारली. पुन्हा. आमचा लंगडा परत आला होता. तोच, गुडघ्यातनं लंगडणारा. दाजींना तो पाठ होता. चार महिने गादीवर बसून, हिशेब करताना, जेवताना, झोपेत त्यांनी तो ऐकला होता. चैतूनं बोटानं खूण केली, चालू दे. दहा मिनिटं. नवव्या मिनिटाला दाजींचा हात जड झाला, घाम टोपीतून कपाळावर आला. दस्तगीर पुढं झाला, मोगरी घ्यायला. दाजींनी डोळे न उघडता मान हलवली. नाही.

चैतूनं शेवटी हात खाली केला. माग थांबला. मग तिनं वडिलांच्या हातातून मोगरी घेतली आणि टोपी नीट केली त्यांची.

"बाबा, जेवलासा काय?"

"न्हाई अजून."

"चला."

त्याच संध्याकाळी तिनं पाठवलं. दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून आम्ही परत आलो तेव्हा हेंड्रिकचं उत्तर येऊन पडलं होतं. रेकॉर्ड निघणार. एक गोष्ट त्यानं विचारली होती. पहिल्या आवाजापेक्षा या आवाजात यंत्र शेवटी शेवटी थोडं थकल्यासारखं वाटतं. ते तसंच ठेवलं तर चालेल का? चैतूनं ते मोठ्यानं वाचलं. दाजी आपला उजवा खांदा चोळत होते.

"ठेव म्हणावं," ते म्हणाले.

पुण्याच्या कंपनीला चैतूनं 'येत नाही' म्हणून कळवलं. सुताचे गठ्ठे ओसरीत राहिले.

या गेल्या दिवाळीला ती घरी आली होती. आता तिचं स्वतःचं छोटं लेबल आहे, आणि तिलाही दिवसाला दोनशे पत्रं येतात. त्यातली दीड पानी पत्रं ती पूर्ण वाचते म्हणे; का ते तिनं सांगितलं नाही. मी पंच्याहत्तरीला टेकलोय. या वयात पोटात ठेवलेल्या गोष्टी पचत नाहीत. फराळाच्या ताटावर मी तिला सगळं सांगून टाकलं. पिकर मी बदलायला लावला. तुझ्या बापानं आळ अंगावर घेतला. माझ्यामुळं तू त्यांच्याशी चार दिवस बोलली नाहीस.

चैतू चकली मोडत होती.

"मला ठाऊक होतं मामा. दस्तगीरचाचानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

"दुसऱ्या दिवशी? मग तू अबोला का धरलास?"

"पहिला दिवस खरंच रागावलो होतो. मग चाचानं ते चार म्हैन्याचं पण सांगितलं. म्हटलं, बाबांना तो आवाज माझ्यापेक्षा पक्का ठाऊक हाय. आता कसा आणायचा ते बाबाच काढतील." तिनं चकली तोंडात टाकली. "पण मी हसून बोललो असतो तर ते म्हणाले असते, ऱ्हाऊ दे पोरी, जा पुण्याला. रुसलो म्हणून पेटले."

ओसरीवरून दाजींच्या खोकण्याचा आवाज आला.

"त्यांना सांगू नगंस हं," ती कुजबुजली. "त्यांना वाटतंय, मला अजून कळलेलं न्हाई. लई खूश असतात त्याच्यावर."

मी वचन दिलं, आणि ते मी पाळतो आहे. इथं लिहायला हरकत नाही. दाजींनी चाळीस वर्षांत माझं एक अक्षर वाचलेलं नाही.